आफ्रिकन मास्कचं प्रदर्शन भरवायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई इंग्लंडात मिडलँड्समधल्या एका शहरात राहतात, त्यांच्या कम्युनिटी सेंटरने ऑक्टोबरात, म्हणजे इथल्या ब्लॅक हिस्टरी मंथला, आफ्रिकन वारसा आणि पारंपरिक मास्क असं प्रदर्शन ठरवलंय आणि कमिटीत सगळ्यांनी मिळून ते त्यांच्या गळ्यात मारलंय. हाताशी आहेत केनिया सफारीवरून ओळखीच्यांनी आणलेले काही मास्क, काउन्सिलची छोटी ग्रँट, एक हॉल आणि मुलांसाठी पेपर प्लेटचे मास्क करायची वर्कशॉपची आयडिया. विचारतायत की मांडणी कशी करू, लेबलवर काय लिहू आणि कुणाला वाईट वाटेल असं काही होणार नाही ना.

मी इथल्या छोट्या म्युझियम्सची आणि वस्तीपातळीवरच्या प्रदर्शनांची मांडणी करतो, बरीच वर्षं तेच काम आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

ताई, पहिली गोष्ट म्हणजे ते सफारीवाले मास्क. केनियात ते "मसाई मास्क" म्हणून विकतात, पण मसाई लोकांची मास्क घालून नाचायची परंपरा नाहीच. त्यांचं सगळं सौंदर्य मण्यांच्या कामात, ढालींवर, अंगावर. ते लांबोडे चेहऱ्याचे मास्क पर्यटकांसाठी कोरले जातात. घानातही तसंच आहे, अशांती आणि तिथल्या एकूणच अकान लोकांत लाकडी मास्कची अशी जुनी प्रथा नाही, पण आक्राच्या बाजारात सेसे नावाच्या हलक्या लाकडाचे, वर मणी आणि पितळी पत्रा ठोकलेले मास्क ढिगाने मिळतात. याचा अर्थ ते फेकून द्या असा नाही हं. कोरणाऱ्याचं पोट त्यावर चालतं आणि हातही चांगला असतो बऱ्याचदा. फक्त त्यावर "प्राचीन आदिवासी मुखवटा" असं लेबल लावू नका. उलट त्यांचाच एक कोपरा करा, "पर्यटकांसाठी केलेले मास्क", आणि ज्यांनी आणले त्यांना विचारून खरं लिहा, कुठे घेतला, विकणाऱ्याने काय सांगितलं, किती घासाघीस केली. लोक हसतील आणि पुढचे मास्क जास्त नीट बघतील.

मास्क नाचवलेला आहे की नुसता विकायला केलाय हे बघायचं असेल तर पुढून नाही, पाठीमागून बघायचं. कपाळ, गाल, हनुवटी टेकते तिथे घामाने आणि घासून लाकूड गुळगुळीत आणि काळपट झालेलं असतं. कडेला भोकं असतात, त्यातून कापड नाहीतर राफियाचा, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या पानांच्या धाग्यांचा, झगा शिवलेला असतो. भोकंच नाहीत आणि आतून कोरीव लाकूड कोरं करकरीत असेल तर तो बहुतेक कुणी घातलेला नाही. अर्थात जुनं दिसावं म्हणून धुरी देतात, बूटपॉलिश लावतात, मातीत पुरून ठेवतात, त्यामुळे एका खुणेवर निकाल देऊन टाकू नका.

आता मुद्द्याचं. तुमच्या कमिटीने "आफ्रिकन मास्क" म्हटलं म्हणजे नक्की कुठले? 54 देशांचा खंड आहे तो. मास्कची परंपरा मुख्यतः पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, म्हणजे गिनी, सिएरा लिओन, माली, बुर्किना फासो, कोत दिव्वार, नायजेरिया, गॅबन, काँगो, अंगोला, मग झांबिया, मलावी आणि टांझानिया-मोझांबिकच्या सीमेवर माकोंडे लोकांपर्यंत. सोमालिया, इथिओपिया, सुदान इकडे ती जवळपास नाही. आणि तुमच्या शहरात सोमाली कुटुंबं भरपूर असणार! त्यांच्या दारात जाऊन "तुमचा मास्क द्या" म्हणालात तर ते नम्रपणे चहा देतील आणि नंतर आपसात हसतील. त्यांच्याकडे काव्य आहे, विणकाम आहे, उदबत्तीसारखं उनसी आहे. हे प्रदर्शन वारशाचंही आहे ना, मग त्यांना मास्कच्या चौकटीत कोंबायची गरजच नाही.

म्हणून माझं ठाम मत असं की आधी वस्तू गोळा करू नका, आधी माणसं शोधा. तुमच्या पोस्टकोडात कोण कोण राहतं, चर्चमध्ये कोण येतं, केअर होममध्ये कोण काम करतं, शाळेच्या गेटवर कोण भेटतं. त्यातून तीन किंवा चार परंपरा निवडा आणि त्यांच्यावरच नीट काम करा. बारा देशांचे बारा मास्क रांगेत लावले की ते दुकान दिसतं.

आणि माणसांकडे गेलात की एक गोष्ट कळेल जी तुमच्या कमिटीच्या डोक्यात बहुधा आलेली नाही. बऱ्याच आफ्रिकन कुटुंबांना मास्क नकोच असतात. नायजेरियातले पेंटेकोस्टल चर्चवाले लोक मास्कला सरळ सैतानी प्रकार म्हणतात, काही मुस्लिम घरांतही तीच भावना असते, आणि काही जण म्हणतात आम्ही लागोसमध्ये वाढलो, आम्हाला गावाकडचं काय माहिती. यात त्यांना "तुम्हाला तुमची संस्कृती कळत नाही" असं चुकूनही सुचवायचं नाही. हा वाद आफ्रिकेत आतल्या आत शे-दीडशे वर्षं चालू आहे. मलावीत चेवा लोकांचं गुले वामकुलु बघा, न्याऊ नावाच्या गुप्त मंडळाचे पुरुष मास्क घालून नाचतात, सुगीनंतर, लग्नाला, मयताला, राजा गादीवर बसताना. मिशनऱ्यांनी त्याला भरपूर विरोध केला, आणि त्याच मलावीत मुआ नावाच्या कॅथलिक मिशनमध्ये एका पाद्र्यानेच 1976 मध्ये कुंगोनी नावाचं कला केंद्र काढून तेच मास्क जपले. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. प्रदर्शनात एक मोठं कार्ड या नकोवाल्यांच्या शब्दांत लावा, त्यांच्या परवानगीने. मी जिथे जिथे हे केलं तिथे लोक सगळ्यात जास्त वेळ त्याच कार्डापाशी उभे राहिलेत.

गुप्त मंडळ म्हटलं की लगेच कुणीतरी विचारतं, आत कोण असतो? ते विचारायचं नाही आणि माहिती असलं तरी लिहायचं नाही. नाचणारा तेव्हा गावातला अमुक तमुक नसतो, तो आत्मा असतो, पूर्वज असतो, प्राणी असतो. दीक्षा घेतलेल्यांनाच माहीत असायच्या गोष्टी इंटरनेटवर सापडतात म्हणून लेबलवर टाकणं हा असभ्यपणा आहे असं मी मानतो.

आता परंपरा कुठल्या घ्याव्यात. तुमच्याकडे योरुबा लोक असतील तर गेलेडे घ्याच. बेनिन, नायजेरिया, टोगो तिन्हीकडे आहे, युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. हा सगळा सोहळा आयांसाठी, म्हाताऱ्या बायकांसाठी, आद्य मातेसाठी असतो, तिच्यात जी शक्ती आहे ती तारू पण शकते आणि मारू पण शकते म्हणून तिला नाचून, गाऊन, हसवून खूश ठेवायचं. आणि नाचतात मात्र पुरुष, बाईचा वेश करून. मास्क चेहऱ्यावर नसतो, टोपीसारखा डोक्यावर बसतो, चेहऱ्यावर पातळ कापड असतं त्यातून नाचणारा बघतो. आणि त्या लाकडी डोक्याच्या वर अजून एक अख्खा देखावा कोरलेला असतो, साप आणि पक्षी, बाजारातली बाई, शिलाई मशीन, मोटारसायकल, विमान, जे काही गावात चर्चेत असेल ते. रात्री गाणी होतात त्यात गावातल्या लबाडांची नावं न घेता सालटी काढतात. म्हणजे पवित्र आणि टवाळी एकाच जागी. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात रात्रभर सोंगं निघतात तिथे पण देवीही येते आणि हसवणारेही येतात.

कोत दिव्वारचं कुणी असेल तर झाऊली. हे तुम्ही बघितलंय, नाव माहीत नसेल, फोनवर फिरणारा तो व्हिडिओ ज्यात मास्कवाल्याचे पाय इतके भराभर चालतात की विश्वास बसत नाही आणि खाली कुणीतरी "जगातला सगळ्यात अशक्य डान्स" असं लिहिलेलं असतं. तो गुरो लोकांचा नाच आहे, बायकांच्या सौंदर्याला मान म्हणून, 2017 मध्ये युनेस्कोने यादीत घेतला. व्हिडिओवर लोक बहुतेक वेळा दुसरंच गाणं चढवतात, त्यामुळे कुणाला कळतच नाही की पाय बासरी आणि ढोलाला उत्तर देतायत. तुमच्या हॉलमध्ये मूळ आवाजासकट दाखवा, चांगला स्पीकर लावा, लॅपटॉपच्या स्पीकरवर त्या ढोलाचं काहीच उरत नाही.

झांबियाचं कुणी असेल तर माकिशी, म्हणजे तिथले मास्कवाले पूर्वज. लुवाले, चोक्वे, लुचाझी, म्बुंडा या लोकांत आठ ते बारा वर्षांच्या मुलांना कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला घरापासून लांब रानातल्या कॅम्पात नेतात, एक ते तीन महिने, त्याला मुकांडा म्हणतात. तिथे सुंता होते, धीराच्या परीक्षा होतात, पुढे पुरुष म्हणून आणि नवरा म्हणून कसं वागायचं ते शिकवतात. प्रत्येक मुलाला एक मास्कवाला पूर्वज सोबत म्हणून असतो. लहान मूल तिथे "मरतं" आणि मोठा माणूस परत येतो, शेवटी अख्खा गाव नाच बघायला जमतो. हे मास्क लाकडाचे कमी, काटक्यांचा सांगाडा, झाडाच्या सालीचं कापड, वर डिंक-मेणाचा काळा लेप असे जास्त, आणि काम झालं की कॅम्पबरोबर जाळायचीही रीत होती. हा मुद्दा प्रेक्षकांना सांगायलाच हवा, कारण म्युझियममध्ये दिसतं ते टिकाऊ लाकूड तेवढं, आणि जे पानांचं, सालीचं, कापडाचं होतं ते दिसतच नाही. बुर्किना फासोत तर ताज्या पानांचे मास्क असतात, एका दिवसापुरते.

सिएरा लिओनच्या बाबतीत मात्र जपून. मेंडे बायकांच्या सान्डे मंडळाचा सोवेई मास्क फार सुंदर असतो, चकचकीत काळा, उंच कपाळ, मिटलेलं छोटं तोंड, मानेवर वळ्या, डोक्यावर अशी केशरचना की बघत राहावं. आणि लाकडी मास्क बायका स्वतः घालून नाचतात असं हे फार विरळ उदाहरण आहे, म्हणून प्रत्येक प्रदर्शनवाल्याला तो हवा असतो. पण सान्डेच्या दीक्षेत मुलींचं जननेंद्रिय कापणं पण येतं, ब्रिटनमध्ये तो गुन्हा आहे, आणि तुमच्या हॉलमध्ये येणाऱ्यांत ते सोसलेल्या बायका असू शकतात. सिएरा लिओनच्या बायकांशी आधी बोला, त्यांच्यातही दोन मतं असतील, आणि त्या म्हणाल्या नको तर नको. हो म्हणाल्या तर लेबलवर ती गोष्ट लपवू नका आणि जवळ मदतीचा नंबर ठेवा. "स्त्रीशक्तीचा उत्सव" एवढंच लिहून सुटणं मला पटत नाही.

लुटीबद्दल एक पॅनल हवंच, ब्रिटनमध्ये बसून आफ्रिकेच्या मास्कवर बोलताना ते टाळताच येत नाही. 1897 मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन शहर (आत्ताचं नायजेरियातलं, बेनिन देश वेगळा, याचा घोळ सगळे करतात) जाळलं, लुटलं. त्यात राणी ईदियाचा हस्तिदंती मुखवटा होता, सोळाव्या शतकातला, तोंडावर घालायचा नाही, राजा अंगावर दागिन्यासारखा बांधायचा. 1977 ला लागोसमध्ये फेस्टॅक नावाचा प्रचंड मोठा आफ्रिकन कलामहोत्सव झाला, त्याचं बोधचिन्ह म्हणून हाच मुखवटा निवडला आणि ब्रिटिश म्युझियमकडे उसना मागितला. दिला नाही. मग बेनिनच्या कारागिरांनी नक्कल कोरली. आजही मूळ लंडनमध्येच आहे, त्याचा जोडीदार न्यूयॉर्कला. दुसरीकडे लंडनच्याच हॉर्निमन म्युझियमने नोव्हेंबर 2022 मध्ये बेनिनच्या 72 वस्तूंची मालकी नायजेरियाच्या नावावर केली. टांझानियाच्या दार-एस-सलाममधल्या म्युझियममधून 1984 मध्ये चोरीला गेलेला माकोंडे मास्क जिनिव्हातून 2010 ला परत आला.

आणि पैशाची गोष्ट सांगितली की टीनएजर पण थांबतात. फ्रान्समध्ये एका म्हाताऱ्या जोडप्याने माळ्यावरचा एक मास्क जुन्या सामानवाल्याला 150 युरोला विकला. तो निघाला गॅबनच्या फांग लोकांचा न्गिल मास्क, आजोबा तिकडे फ्रेंच वसाहतीत अधिकारी होते. मार्च 2022 मध्ये माँपेलिएच्या लिलावात 42 लाख युरोला गेला. जोडपं कोर्टात गेलं, हरलं. गॅबननेही हक्क सांगितला, त्यांनाही मिळाला नाही. तीन बाजूंपैकी तो कुणाचा असायला हवा होता, एवढाच प्रश्न लिहून खाली कागद-पेन्सिल ठेवा.

बाकी खऱ्या जुन्या वस्तूंसाठी तुमच्या काउंटीच्या म्युझियमला ईमेल टाका. बऱ्याच म्युझियम्सकडे शाळांना द्यायचे लोन बॉक्स असतात, हाताळायच्या वस्तू असतात, आणि विचारलं की द्यायला तयार असतात, फक्त खूप आधी विचारा. कुणी घरातला जुना मास्क देत असेल तर लिहून घ्या की तो इकडे कधी, कसा आला. हस्तिदंत, बिबट्याचं कातडं, पिसं दिसली तर त्याची विक्री-बिक्री प्रदर्शनात अजिबात नको, इथले नियम फार कडक आहेत.

जुने मास्क कुणी घालून सेल्फी काढायचे नाहीत. त्यात मानाचा भाग आहेच पण दुसरं साधं कारण म्हणजे म्युझियम्समध्ये पूर्वी कीड लागू नये म्हणून आर्सेनिक, डीडीटी असलं काय काय मारलेलं असायचं, ते अजून त्यावर असू शकतं. नायट्राइल ग्लोव्हज घाला. उचलताना दोन हातांनी खालून, शिंगाला किंवा राफियाला धरून नाही. खाली पिठासारखा भुगा पडलेला दिसला तर आत किडा जिवंत आहे, तो मास्क लगेच पॉलिथिनमध्ये घट्ट गुंडाळून बाकीच्यांपासून लांब ठेवा. साधं लाकूड असेल तर डीप फ्रीझरमध्ये उणे 18-20 अंशाला निदान दोन आठवडे ठेवतात, बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही नाहीतर लाकडावर पाणी धरतं. पण रंगाचे जाड थर, मणी, डिंक, हस्तिदंत असेल तर हे घरी करू नका, कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाला, विचारा. आणि चमक यावी म्हणून तेल! नको म्हणजे नको. प्रत्येक ठिकाणी एक उत्साही काका असतातच जे जवसाचं तेल घेऊन येतात.

मांडणीत सगळ्यात वाईट दिसतं ते म्हणजे पांढरी भिंत, डोळ्यांच्या भोकातून खिळा आणि वरून स्पॉटलाइट. अंगावरच्या झग्याशिवाय, ढोलाशिवाय, गर्दीच्या आरोळ्यांशिवाय नुसतं लाकूड लटकवलं की ते कापून आणलेल्या मुंडक्यासारखं वाटतं. स्टँडवर ठेवा, आतून पॅडिंग असलेल्या पितळी पट्टीच्या, आणि नाचणाऱ्याच्या उंचीवर, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या थोडं वर. शेजारी पूर्ण पोशाखातल्या नाचाचा मोठा फोटो, शक्यतो अलीकडचा, रंगीत, ज्यात मागे मोबाइल धरलेली पोरं दिसतायत. राफिया, रंगवलेलं कापड, पिसं यांच्यावर प्रकाश 50 लक्सच्या आसपास (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), फोनवर ॲप असतं त्याने अंदाज येतो, आणि खिडकीवर पडदा.

लेबलवर: कुठल्या लोकांचा, कुठला देश, कशाचा केलाय, कोण घालतं, कधी, ही वस्तू इकडे कशी आली आणि ही माहिती आम्हाला कुणी सांगितली. हे शेवटचं कुणी लिहीत नाही, तुम्ही लिहा. वर्तमानकाळात लिहा, "नाचायचे" नाही, "नाचतात". बुर्किना फासोत देदुगूला 1996 पासून मास्कचा फेस्टिमा महोत्सव भरतो, आसपासच्या देशांतून मास्क येतात, मेलेली गोष्ट नाहीये ही. "आदिम", "ट्रायबल", "जादूटोणा", "गूढ" हे शब्द दिसले की खोडा. पिकासोलाही एका ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नका, तो 1907 मध्ये पॅरिसच्या म्युझियममध्ये मास्क बघून हादरला होता हे खरं, पण मास्क त्याच्यासाठी केलेले नव्हते.

मुलांची वर्कशॉप. पेपर प्लेट, झिगझॅग रेषा, पिसं चिकटवून "आफ्रिकन मास्क" हे कृपया करू नका, त्यातून मुलं एवढंच शिकतात की आफ्रिका म्हणजे झिगझॅग. त्याऐवजी तुमच्या योरुबा मंडळींना विचारून गेलेडेची कल्पना घ्या. मुलांना पुठ्ठ्याची टोपी द्या आणि सांगा की तुझ्या आईचं, आजीचं काम यावर उभं कर. बस चालवणारी आई, नाइट शिफ्टची नर्स, टेस्को सुपरमार्केटच्या गल्ल्यावरची, झूमवर भांडणारी. टोपी घालून ढोलावर चालायचं. मूळ सोहळ्याची नक्कल पण नाही आणि त्यातला विचार पण पोचतो. ढोल वाजवायला माणूस बोलवा आणि त्याला पैसे द्या. "एक्स्पोजर मिळेल" हे वाक्य ब्लॅक हिस्टरी मंथमध्ये त्या लोकांनी इतकं ऐकलेलं असतं की विचारू नका, ग्रँटमध्ये मानधनाची ओळ सगळ्यात वर ठेवा. जेवणाचंही तसंच, आणि जोलोफ राइस (पश्चिम आफ्रिकेतला टोमॅटोचा भात) मागवणार असाल तर नायजेरियन की घानाचा हे कमिटीत मतदानाने ठरवू नका, दोन्ही मागवा.

मराठी मंडळाचं कुणीतरी म्हणेलच की आपलाही कोपरा हवा, आफ्रिकेतून आपल्याकडे आलेले सिद्दी, जंजिरा, मलिक अंबर. विषय मोठा आणि खरा आहे पण सिद्दींच्या नाचगाण्यात मास्क नाहीत, ओढूनताणून इथे आणू नका, त्याचं वेगळं प्रदर्शन करा, मी येतो मदतीला. इथे जोडायचंच असेल तर कवडी. काँगोतल्या कुबा लोकांच्या राजेशाही मास्कवर कवड्या अक्षरशः ओळीने शिवलेल्या असतात, आणि आफ्रिकेत चलन म्हणून गेलेल्या कितीतरी कवड्या मूळच्या मालदीवच्या, आपल्याच समुद्रातल्या. तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेचा एक फोटो शेजारी लावलात की झालं.

वेळेचं म्हणाल तर ऑक्टोबरासाठी मार्च-एप्रिलमध्येच लोकांकडे जायला लागा, पहिल्या दोन भेटींत काहीच मागू नका. विमा सेंटरच्या पॉलिसीत बसतो का ते लेखी विचारा. प्रत्येक उसन्या वस्तूचा आणताना आणि देताना फोटो, मागून पुढून, तारखेसकट. आणि हॉल बुक करताना शेवटी दोन दिवस जास्तीचे धरा, कारण रविवारी संध्याकाळी प्रदर्शन संपतं, सोमवारी सकाळी झुंबावाले येतात आणि घाईत आवरताना जेवढं मोडतं तेवढं महिनाभरात मोडत नाही.